अगाबाईचा वॉर्ड

आमच्या हॉस्पिटलात सिस्टर दोन प्रकारच्या होत्या. एक पांढऱ्या झग्यातल्या, गळ्यात क्रूस घातलेल्या, लग्न न केलेल्या धर्मभगिनी. दुसऱ्या आमच्यासारख्या पगारी नर्सा, घरी नवरा, पोरं आणि कुकरच्या शिट्ट्या. पेशंट दोघींनाही ‘सिस्टर’ म्हणत आणि हाक आली की जी जवळ असेल ती वळत असे. मी दुसऱ्या प्रकारची. नाव स्टेला. माहेर अकोल्याचं, नोकरी अमरावतीला, मिशनच्या एका हॉस्पिटलात. आता निवृत्त होऊन पुन्हा अकोल्याला, मुलाकडे राहते.

दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिहा म्हणून संपादकांचा फोन आला, तेव्हा मी त्यांना स्पष्टच विचारलं, की चिवडा-चकलीच्या ताटाशेजारी बसून माणसं स्तनांच्या कॅन्सरबद्दल वाचतील का. ते म्हणाले, “बायका वाचतील.” म्हणून लिहिते. पुरुषांनीही वाचलं तर हरकत नाही.

माझी बहुतेक नोकरी एकाच वॉर्डात गेली. स्तनातली गाठ काढलेल्या, किंवा पूर्ण स्तन काढावा लागलेल्या बायकांचा तो वॉर्ड. गंमत म्हणजे ‘स्तन’ हा शब्द तिथे कोणी उच्चारत नसे. ‘छातीले गाठ हाय’, ‘ह्या बाजूले हाय’, नाहीतर नुसतंच पदराकडे बोट. आम्हीही त्यांच्यासारखंच बोलायला शिकलो.

वॉर्डाला संत आगाथाचं नाव होतं. दारावर तशी पाटी, आणि आत शिरलं की समोरच्या भिंतीवर तिची तसबीर. आगाथा हे नाव आमच्याकडच्या बायकांच्या तोंडात काही बसेना. त्यांनी तिची सरळ अगाबाई करून टाकली. “अगाबाईचा वॉर्ड कुठं हाय?” असं गेटवर विचारलं की वॉचमन बरोबर आमच्याकडे पाठवायचा. आपण दचकलो की तोंडातून जे निघतं, तेच नाव आमच्या संतबाईंना पडलं. मला ते कधी वावगं वाटलं नाही. आंघोळीच्या वेळी गाठ हाताला लागली की बाईच्या तोंडून पहिलं तेच निघतं.

तसबिरीतली आगाथा तरुण आहे. हातात ताट, आणि ताटात दोन गोल वस्तू. जवळजवळ प्रत्येक पेशंट विचारायची, “हे रोडगे घेऊन उबी हाये का वो?” वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं, की रोडगे म्हणजे कणकेचे घट्ट गोळे, शेतात गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले. फोडून त्यावर तूप घालायचं आणि वरणाबरोबर खायचे. त्या ताटातल्या वस्तू खरोखरच रोडग्यांसारख्या दिसतात. दूरदेशीच्या लोकांचीही पूर्वी अशीच गफलत झाली म्हणे. त्यांना ते पाव वाटले, आणि आगाथेच्या सणाला, म्हणजे पाच फेब्रुवारीला, छोटे पाव आशीर्वादित करून वाटायची चाल पडली. आमच्या धर्मभगिनींच्या मठातही त्या दिवशी असे पाव भाजत आणि वॉर्डात वाटत.

ते पाव नाहीत आणि रोडगेही नाहीत. ते तिचे स्तन आहेत.

रोमन राज्यात सिसिली नावाच्या बेटावर ही मुलगी होऊन गेली. ख्रिस्ती होणं तेव्हा गुन्हा होता. तिथल्या सुभेदाराला तिच्याशी लग्न करायचं होतं. तिने नाही म्हटलं. तुझा देव सोड म्हणाला, त्यालाही नाही म्हटलं. तेव्हा त्याने तिला कोंडलं, छळलं आणि तिचे स्तन कापायला लावले. त्यातच ती गेली. श्रद्धेपायी जीव देणाऱ्याला आमच्यात रक्तसाक्षी म्हणतात, म्हणजे आपल्या रक्ताने साक्ष देणारा. अशा सणाला फादर तांबडा झगा घालून मिस्सा, म्हणजे आमचा प्रार्थनाविधी, अर्पण करतात. मिस्सेतल्या एका जुन्या प्रार्थनेत अशा सात बायकांची नावं ओळीने येतात: फेलिसिता, पर्पेतुआ, आगाथा, लुसी, आग्नेस, सिसिलिया, अनास्तासिया. लहानपणी अकोल्याच्या चर्चमध्ये मी सतरंजीवर बसून ती ऐकायची. मला वाटायचं, या फादरच्या बहिणी असाव्यात आणि त्यांना त्यांची आठवण येत असावी.

ज्यांचे स्तन काढायचे आहेत अशा बायकांच्या डोळ्यांसमोर ही तसबीर कशाला टांगायची, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटायचं. पण स्तनाच्या दुखण्याने आजारी बायका पूर्वापार तिचाच धावा करत आल्या आहेत, आणि वॉर्ड तिच्या नावाचा. आमच्या वॉर्डाच्या प्रमुख सिस्टर जसिंता यांनी त्यावर एक नियम घालून दिला होता. त्या केरळच्या. तरुणपणी अमरावतीला आल्या आणि मराठी शिकल्या ती थेट पेशंटांकडून, त्यामुळे अस्सल वऱ्हाडी बोलायच्या. नियम असा: “कोनी इचारलं तं खरं सांगायचं. नाई इचारलं तं गुमान ड्रेसिंग करायचं.”

हा नियम एकदाच अपुरा पडला. अकोल्याची एक शिक्षिका आमच्याकडे दाखल झाली होती. तिला मृणाल म्हणू. पस्तिशीही आली नव्हती. तिने आम्हाला काही विचारलं नाही. दारावरचं नाव वाचून मोबाइलवर स्वतःच शोधलं. तिथे चिमटे आणि सांडश्यांची चित्रं निघाली. संध्याकाळी मी गेले तर ती भिंतीकडे पाठ करून बसलेली. म्हणाली, “सिस्टर, ही बाई मला समोर नको.”

मी जसिंतांना सांगितलं. त्या स्टुलावर चढल्या, तसबीर उतरवली, चादरींच्या खोलीत नेऊन ठेवली आणि त्या खिळ्याला कॅलेंडर अडकवलं. मी म्हटलं, “लोक नावं ठेवतील, सिस्टर.” त्या म्हणाल्या, “अगाबाई नाई रुसत. यापेक्षा जास्त सोसलं तिनं.” सेमाडोहकडची एक म्हातारी तेव्हा वॉर्डात होती. तिने विचारलं, अगाबाई कुठे गेली. जसिंतांनी शांतपणे सांगितलं, “गावाले गेली. येते.”

मृणाल घरी गेल्यावर तसबीर परत जागेवर आली. मृणालचं दुखणं मात्र पुढे यकृतात गेलं. सुटीच्या दिवशी मी अकोल्याला आईकडे येत असे, तेव्हा तिच्या घरी डोकावायची. पाठीला पावडर लावून द्यायची, उशा बदलून द्यायची. हे दुखणं झालेली माणसं शेवटी शांत होतात, असं लोक सांगतात. मृणाल शांत झाली नाही. ती रागावलेली होती आणि रागातच गेली. तिच्या रागाला कारण होतं. एखादी गोष्ट एकीला आधार देते आणि दुसरीला तीच टोचते. मृणालला कोणती गोष्ट सांगायला हवी होती, ते मला अजून सापडलेलं नाही.

आता कामाबद्दल थोडं. ऑपरेशन डॉक्टर करतात. ते दीड-दोन तासांत संपतं आणि तिथून आमचं काम सुरू होतं. जखमेतलं पाणी बाहेर यावं म्हणून एक नळी सोडलेली असते, तिच्या टोकाला बाटली. बाई चालायला लागली की ती बाटलीही तिच्याबरोबर चालते. म्हणून आम्ही खांद्याला अडकवायच्या छोट्या कापडी पिशव्या शिवल्या होत्या, फुलाफुलांच्या. मग हाताचा व्यायाम. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढायची, रोज थोडी जास्त. नाहीतर खांदा धरतो आणि पुढे वेणीसुद्धा घालता येत नाही. आणि पहिलं ड्रेसिंग. त्या वेळी सगळ्या बायका छताकडे बघतात. मी कोणाला खाली बघ म्हणून आग्रह केला नाही. फक्त आधी हात कोमट पाण्यात बुडवून घ्यायची. जिथे आधीच सगळं परकं झालेलं आहे तिथे गार हात लागू नये एवढंच.

माझी खासियत वेगळी होती. मी कापडी स्तन शिवायची. हसू नका. एक बाजू गेली की शरीराचा तोल जातो, खांदा वर चढतो, ब्लाउज घसरतं, पदर राहत नाही. बाजारात रबरासारखे तयार मिळतात, पण आमच्याकडच्या उन्हात ते घालून वावरात निंदायला जाऊन बघा. म्हणून मऊ सुती कापडात कापूस भरायचा, आणि तो वर सरकू नये म्हणून आत थोडं वजन. वजनासाठी काय घालावं यावर आम्ही बरेच प्रयोग केले. ज्वारी घातली तर सोंडे, म्हणजे धान्यातले किडे पडले. मग मूग घातले. दर्यापूरकडची एक बाई पेरणीच्या दिवसांत पावसात भिजली, आणि पुढच्या तपासणीला आली तेव्हा लाजत म्हणाली, “सिस्टर, मले मोड आले.” वॉर्ड पोट धरून हसला, तीही हसली. त्यानंतर आम्ही काचेच्या मण्यांवर आलो.

पंचफुलाबाई आल्या त्या जानेवारीच्या अखेरीला. चांदूर बाजारच्या पुढच्या एका गावच्या. पन्नाशी ओलांडलेल्या, उंच, घरची काळी जमीन, कापूस आणि संत्र्याची बाग. बरोबर नवरा गुणवंतराव आणि सून वैशाली. सासू-सुनेचं फारसं जमत नाही हे दारातून आत येतानाच कळत होतं. दोघी एकमेकींकडे न बघता चालत होत्या.

आजार सुनेनेच उघडकीला आणला होता. धुण्यात सासूच्या ब्लाउजवर तिला रक्ताचा डाग दिसला. ती मला म्हणाली, “मी इचारलं तं म्हनते, काटा लागला. छातीले कुठं काटा लागते का, सिस्टर?” पंचफुलाबाईंनी दोन पावसाळे ते दुखणं पदराखाली लपवलं होतं.

आमच्या डॉक्टर मॅडमनी तपासलं. स्तन काढावा लागेल, पण काढला तर आशा चांगली आहे, असं समजावून सांगितलं. पंचफुलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “नाई.”

गुणवंतरावांनी समजावलं, वैशालीने समजावलं. त्यांचं एकच उत्तर. “देवानं जसं धाडलं तसंच वापस जायचं हाय मले. अदुरी जाऊन त्याले काय तोंड दाखवू?” दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना घरी न्यायचं ठरलं.

दुपारी नवरा आणि सून जेवायला बाहेर गेले होते. मी ताप बघायला पलंगाजवळ गेले. पंचफुलाबाई तसबिरीकडे बघत होत्या.

“हे बाई रोडगे कोनाले घेऊन चालली वो?”

विचारलं म्हणजे खरं सांगायचं. मी थर्मामीटर खिशात ठेवला आणि सांगितलं.

त्यांनी बराच वेळ ताटाकडे पाहिलं. “काहून कापले?”

“सुभेदाराशी लग्न करायला नाही म्हणाली. देव सोडायलाही नाही म्हणाली.”

“तिनं काई म्हनलं नाई त्याले?”

“म्हणाली ना. म्हणाली, लहानपणी आईच्या ज्या अंगावर पिऊन वाढलास तेच कापतोस, तुला लाज नाही वाटत?”

पंचफुलाबाईंनी पदर छातीवर ओढून घेतला. मग म्हणाल्या, “बराबर बोलली.” आणि थोड्या वेळाने, “मंग ते अदुरीच गेली का?”

या गोष्टीला पुढचा भाग आहे. तोही सांगितला. कोठडीत रात्री एक म्हातारा औषध घेऊन आला. तो म्हणजे संत पेत्र, येशूचा शिष्य. सकाळी तिचं अंग पहिल्यासारखं झालं होतं.

“मंजे तिले वापस भेटलं.”

“पोथीत तसं लिहिलंय.”

“मले भेटीन?”

नोकरीत मी हजार वेळा ‘सगळं ठीक होईल’ म्हटलं असेल, पण त्या बाईच्या डोळ्यांत बघून ते म्हणता येईना. “नाही,” मी म्हटलं. “तुमचं परत येणार नाही. जखम भरेल, वण राहील. पण मी तुम्हाला एक शिवून देईन.”

कपाटातून एक तयार कापडी स्तन आणून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो भाजीवाल्याकडचं वांगं तोलावं तसा तळहातावर तोलला. दाबून पाहिला, नाकाशी नेला.

“कापूस हाय का?”

“हो. आत थोडे मणी.”

“हा कापूस निब्बर हाय,” त्या म्हणाल्या. “बजारातला. आमच्या वावरातला पाहा, लोन्यासारका हाय.”

थोड्या वेळाने गुणवंतराव आणि वैशाली परत आले. दारातच पंचफुलाबाईंनी नवऱ्याला सांगितलं, “घरून कापूस आनजा.”

“कायले?”

“माह्या छातीले.”

गुणवंतरावांनी माझ्याकडे पाहिलं, वैशालीने सासूकडे पाहिलं. पंचफुलाबाई पलंगावर आडव्या झाल्या आणि त्यांनी चादर ओढून घेतली. अशा रीतीने ऑपरेशनला होकार मिळाला.

जाताना गुणवंतरावांनी सिस्टर जसिंतांना व्हरांड्यात गाठलं. सरळ माणूस, सरळच बोलला. “सिस्टर, राग नका मानू. आमची बाई त्या फोटोतल्या बाईच्या गोष्टीवर आयकली म्हनते. आता धरम बदलाची तं काई भानगड नाई ना?”

जसिंता म्हणाल्या, “भाऊ, आमाले ड्रेसिंग बदलाले टाइम पुरत नाई. धरम कवा बदलू?”

गुणवंतराव हसले. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

ऑपरेशन नीट झालं. पहिल्या ड्रेसिंगला मी हात कोमट करून आले. पंचफुलाबाईंनी इतर बायकांसारखेच डोळे छताला लावले. वैशाली पायाशी उभी होती. तिला मी बाहेर थांबायला सांगणार, तेवढ्यात ती पुढे आली. “आई, मी पाहू का आधी? मंग सांगते कसं हाय ते.”

सासूने नाही म्हटलं नाही, एवढंच.

पट्टी निघाली. वैशालीचा चेहरा पांढरा पडला होता, पण ती हलली नाही. नीट वाकून पाहिलं. मग म्हणाली, “काई भेव नाई. शिदी रेघ हाय. तुमच्या वाकयाच्या टाक्याहून शिदी हाय.” वाकळ म्हणजे गोधडी. पंचफुलाबाईंच्या गोधड्यांचा गावात मोठा लौकिक होता, हे मला नंतर कळलं. त्या छताकडे बघतच म्हणाल्या, “लय झाली शायनी.” पण चादरीवरचा त्यांचा हात सरकत सुनेच्या मनगटापर्यंत गेला आणि ड्रेसिंग होईपर्यंत तिथेच राहिला. मी माझं काम जरा सावकाश केलं.

आणि मग गुणवंतराव कापूस घेऊन आले. मी ओंजळभर अपेक्षिला होता, त्यांनी गोणी आणली. सरकीसकट. “एका बाजूले किती लागते, मले काय मालूम,” म्हणाले. वॉर्डभर हशा झाला. मग ज्यांना बसता येत होतं त्या सगळ्या बायका गोल करून बसल्या, खांद्याला बाटलीच्या पिशव्या, आणि बोटांनी सरकी काढू लागल्या. डॉक्टर मॅडम राउंडला आल्या, हे पाहिलं आणि म्हणाल्या, “बोटांचा व्यायाम चांगला चाललाय.” त्या गोणीतून पंचफुलाबाईंचं तर झालंच, पुढे आलेल्या कितीतरी बायकांचंही झालं.

त्याच आठवड्यात आगाथेचा सण आला. दरवर्षी त्या दिवशी व्हरांड्यात टेबल मांडून मिस्सा होत असे. ज्यांना यायचं त्यांनी यावं, ज्यांना झोपायचं त्यांनी झोपावं. पंचफुलाबाई वैशालीचा हात धरून आल्या आणि खुर्चीत बसल्या. तांबड्या झग्यातल्या म्हाताऱ्या फादरना बघून त्यांनी मला हळूच विचारलं, “आज लगन हाय का कोनाचं?” मी सांगितलं, हा रंग तिच्या रक्ताचा. त्यांनी मान हलवली.

प्रार्थनेत ती सात नावं आली. पंचफुलाबाई कान देऊन ऐकत होत्या. आगाथा म्हणताच त्यांनी मला कोपराने ढोसलं. “हे आपली ना?”

“हो.”

“किती सालं झाले म्हने तिले?”

“पावणेदोन हजाराच्या वर.”

“अन् अजून नाव घेते,” त्या म्हणाल्या. “आमच्या गावात मेल्यावर बाईचं नाव तिचे लेकरंबी घेत नाईत. आई म्हनते, नाईतं बुडी म्हनते.”

मिस्सा संपता संपता गुणवंतराव हातात मोठा स्टीलचा डबा घेऊन जिन्यावरून वर आले. आमच्याकडे रोडगे पुरुषच करतात, शेतात. पहाटे उठून त्यांनी वावरात आर पाडला होता, आणि एसटीने तो गरम डबा मांडीवर घेऊन आले होते. “फोटोतल्या बाईच्या ताटात हाये म्हने. म्हनलं आज तिचा सन हाय,” ते म्हणाले. ताटात खरं काय आहे हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. कोणी सांगितलंही नाही. मी पंचफुलाबाईंकडे पाहिलं. त्या नवऱ्याकडे बघत होत्या, आणि संसारात त्यांनी त्यांच्याकडे तसं फार वेळा पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

फादरनी मठातल्या पावांशेजारी तो डबा ठेवून घेतला आणि दोन्हींवर आशीर्वादाचं पाणी शिंपडलं. मग रोडगे फोडले गेले. राख फुंकून, तूप लावून वॉर्डभर वाटले. पाव तसेच उरले. सिस्टर जसिंतांनी दोन रोडगे खाल्ले आणि म्हणाल्या, पुढच्या वर्षीपासून हेच.

पंचफुलाबाईंची केमोथेरपी झाली, केस गेले, परत आले, जरा कुरळे आले. कापडी स्तन त्या वर्षातून एकदा बदलून नेत आणि प्रत्येक वेळी कापूस घरचा आणत. हळूहळू तपासणीचं अंतर वाढलं. मग जसिंतांची बदली झाली आणि मी निवृत्त झाले.

गेल्या वर्षी संक्रांतीनंतर अकोल्याला पंचफुलाबाईंचा फोन आला. रथसप्तमीच्या आत घरी हळदीकुंकू करायचं आहे, तुम्ही या. मी म्हटलं, “बाई, मी ख्रिश्चन, त्यात आता नवराही नाही. हळदीकुंकवात माझं काय काम?”

“तुमचं दुसरं काम हाय,” त्या म्हणाल्या. “गाठ कशी पाहाची ते शिकवजा साऱ्यांले.”

मी गेले. घर बायकांनी भरलेलं. वैशाली कुंकवाचा करंडा घेऊन माझ्यापर्यंत आली आणि तिचं बोट माझ्या कपाळासमोर थांबलं. पंचफुलाबाई मागून म्हणाल्या, “ताईच्या हाताले हयद लाव.” तिने माझ्या तळहाताला हळद लावली. वाण म्हणून संत्री आणि तीळगूळ होता.

मग पंचफुलाबाईंनी पुरुषांना बागेत पिटाळलं, दार लावून घेतलं आणि मला बोलायला सांगितलं. मी हॉस्पिटलात सांगायची तसं सांगितलं. आंघोळीच्या वेळी हात कसा फिरवायचा, काय दिसलं तर थांबायचं नाही. बायका माना हलवत होत्या, पण नजरा जमिनीवर. मला माहीत होतं, यातल्या अर्ध्याअधिक जणी घरी जाऊन काहीच करणार नाहीत.

पंचफुलाबाईंनाही ते दिसलं असावं. त्या उठल्या, मध्ये येऊन उभ्या राहिल्या, पदर काढला आणि ब्लाउजची बटणं सोडली. आतला कापसाचा काढून वैशालीच्या हातात दिला. “पाहा,” म्हणाल्या. “नीट पाहा. मी जिती हाओ.”

वण जुना, फिकट, काखेपर्यंत गेलेला. एक म्हातारी पुढे आली, तिने बोट लावून पाहिलं आणि मागे सरली. मग आणखी एक आली. त्या सगळ्या जणी एकेक करून येत होत्या आणि पंचफुलाबाई हात खाली सोडून ताठ उभ्या होत्या. मी इतक्या बायकांचे इतके वण पाहिले, पण असं कोणी उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. माझे डोळे भरले म्हणून मी पिशवीत चष्म्याचं घर शोधायला लागले.

बायका गेल्या. एक जण दाराशी रेंगाळत राहिली. पंचफुलाबाईंची धाकटी जाऊ, निर्मलाबाई. दोघींच्या घरांची भिंत एक, पण वाटण्यांच्या वेळी विहिरीवरून वाजलं तेव्हापासून बोलणं बंद. त्या आज आल्या त्यासुद्धा गावाने नावं ठेवू नयेत म्हणून. त्या पंचफुलाबाईंशी बोलल्या नाहीत. माझ्याजवळ येऊन भिंतीकडे बघत म्हणाल्या, “मले बी हाये.”

आतल्या खोलीत मी हात कोमट करून तपासलं. होती. सुपारीएवढी. मी बाहेर येऊन काही बोलायच्या आत पंचफुलाबाईंनी मुलाला गाडी काढायला सांगितलं होतं.

पुढचं आधीच सांगून टाकते. निर्मलाबाईंची गाठ वेळेवर सापडली. स्तन काढावा लागला नाही, गाठच काढली, रेडिएशनचा सेक घेतला. आज त्या बऱ्या आहेत. विहिरीचा वाद अजून मिटलेला नाही.

पण मला तो प्रवास सांगायचा आहे. मुलगा गाडी चालवत होता, मी त्याच्या शेजारी. मागे दोघी जावा, एक या खिडकीशी, एक त्या खिडकीशी, मध्ये अख्खी एक जागा मोकळी. चांदूर बाजार मागे पडलं. संत्र्यांचे ट्रक समोरून जात होते. अमरावतीच्या अलीकडे, गाडी रेल्वेच्या फाटकापाशी थांबली तेव्हा मागून निर्मलाबाईंचा आवाज आला. इतक्या वर्षांत न वापरलेला असावा असा, घशातला.

“बाई, लय दुखते का वो?”

मी आरशात पाहिलं. पंचफुलाबाई बाहेरच बघत होत्या. मधल्या मोकळ्या जागेवर त्यांनी हात पालथा टाकला होता आणि त्यावर निर्मलाबाईंचा हात होता.

“दुखते,” त्या म्हणाल्या. “मी बसतो ना तुह्याजवळ.”